डबो तर एकच होतो

गेल्या मार्गशीर्षात आमच्या गावच्या जत्रेत मी खाज्याची एक कांडी तोंडात टाकली आणि खालचा पुढचा दात जागेवरून सरकला. देवळामागे दशावताराची मंडळी तोंडं रंगवत बसली होती, मुलं फुग्यांच्या मागे धावत होती, आणि मी हातात खाज्याची पुडी घेऊन जिभेनं तो दात चाचपत उभी राहिले. दुखत अजिबात नव्हतं. पुढे ढकलला की पुढे जायचा, मागे ओढला की मागे यायचा. उरलेलं खाजं मी पुडीत परत बांधलं आणि नाटक न बघताच घरी आले.

मी वेंगुर्ल्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वय सत्तेचाळीस. ब्रश करताना रक्त यायचं त्याला सात-आठ वर्षं झाली असतील. थुंकी गुलाबी दिसली की ब्रश कडक असेल म्हणून मी मऊ ब्रश आणायची, मग हिरड्या आवळण्याची पेस्ट आणायची, पावसाळ्यात मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायची. तोंडाला वास येतो हे मला कोणी सांगितलं नाही, पण कळत होतं. मुलाची वही तपासताना मी त्याच्या बाकाकडे वाकणं सोडून दिलं होतं. वही टेबलावर आणून ठेवायला सांगायची. हसताना हात आपोआप तोंडासमोर जायचा. हे सगळं इतक्या हळूहळू झालं की त्याला आजार म्हणायचं असतं हे माझ्या लक्षात आलं नाही, आणि दहावीच्या मुलांना आजारांची लक्षणं पाठ करायला लावणारी मी, याचं मला अजून वाईट वाटतं.

जवळच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर दोन मिनिटं आत बघून म्हणाले, पायरिया आहे, खालचे चार काढून टाकू, वरचेही फार दिवस टिकणार नाहीत, पुढे कवळी करून घ्या. एक्स-रे नाही, कसली तपासणी नाही. का झालं असं विचारलं तर म्हणाले, "स्वच्छता नाही म्हणून." मी दिवसातून दोनदा ब्रश करणारी बाई. तो शब्द मला फार लागला. दात काढायची तारीख घेतली, पण त्या तारखेला गेले नाही.

त्याआधीच्या रविवारी माहेरी गेले होते. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती पडवीत बसून मशेरी लावत होती. आमच्या घरात मशेरीचा एक पत्र्याचा डबा असायचा. आई दर आठवड्याला तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तो ठसका सगळ्या घरात भरायचा, मग ती हातानं चुरून डब्यात भरायची. ताईनं आणि मी वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षापासून त्याच डब्यात बोट घातलं. लग्नानंतर मुलगा पोटात असताना मी मशेरी सोडली. ताईनं कधीच सोडली नाही. तिनं माझा दात बोटानं हलवून बघितला, मग स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. दात पिवळे-काळे, मुळाशी किटण, पण बत्तीसच्या बत्तीस जागेवर घट्ट.

"माका तर कायच झाला नाय गो," ती म्हणाली. "डबो तर एकच होतो मां?"

एसटीनं परत येताना हाच प्रश्न माझ्या डोक्यात होता. तोंडातली घाण हेच कारण असेल तर आधी ताईचे दात पडायला हवे होते.

कुडाळला हिरड्यांच्या एक डॉक्टर महिन्यातून दोन शनिवारी कोल्हापूरहून येतात, हे शाळेतल्या लिपिकभाऊंनी सांगितलं. पहिल्या भेटीत त्यांनी तासभर घेतला. पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायला लावला आणि मग एक बारीक, बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई घेऊन एकेका दाताच्या कडेनं हिरडीत घालून खोली मोजली. एका दाताभोवती सहा ठिकाणी. माझे अक्कलदाढा सोडून अठ्ठावीस दात, म्हणजे १६८ जागा. त्या आकडे बोलत होत्या आणि मदतनीस मुलगी लिहून घेत होती. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. पाच, चार, सहा." सुरुवातीला मला त्या आकड्यांचा अर्थ लागेना. डॉक्टरांनी थांबून सांगितलं की तीनपर्यंत ठीक, चारपासून पुढे हिरडी दातापासून सुटलेली आहे. त्यानंतर मी छताकडे बघत प्रत्येक आकडा ऐकत होते. परीक्षेचे गुण ऐकावेत तसे, फक्त इथे जास्त गुण म्हणजे जास्त नुकसान. डावीकडच्या खालच्या दाढेशी त्या म्हणाल्या, "सहा, आठ, सात." मुलीनं मान वर करून बघितलं. एक्केचाळीस जागा पाच किंवा त्याहून खोल निघाल्या, ब्याण्णव जागांतून रक्त आलं.

एक्स-रे त्यांनी खिडकीशी धरला. दातांच्या मुळांना धरणारं हाड कुठपर्यंत हवं होतं आणि कुठपर्यंत उरलंय ते पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं. पुढच्या दातांचं निम्मं हाड गेलेलं.

मी ताईचं सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी उलट खुर्ची जवळ ओढली आणि श्रीलंकेतल्या चहामळ्यांची गोष्ट सांगितली. हॅराल्ड लो नावाच्या संशोधकानं १९७० सालापासून तिथल्या ४८० मजुरांचे दात पंधरा वर्षं पुन्हा पुन्हा तपासले. त्यांच्यात दात घासायची पद्धत नव्हती, दंतवैद्य नव्हता, सगळ्यांच्या दातांवर किटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. १९८६ साली आकडे छापले गेले. सुमारे ८ टक्के लोकांचं हाड झपाट्यानं गेलं, ८१ टक्क्यांचं मध्यम वेगानं, आणि ११ टक्क्यांचं हिरडी सुजण्यापलीकडे काही बिघडलंच नाही. "तुमची ताई त्या अकरांत," त्या म्हणाल्या. "किटण दोघींच्या तोंडात आहे. त्या किटणाला तुमचं शरीर जे उत्तर देतं ते वेगळं आहे. हाड जंतू खात नाहीत हो. जंतू चिथावतात, आणि खातात तुमच्याच पेशी."

रोगप्रतिकार संस्था मी बावीस वर्षं शिकवते आहे. फळ्यावर पांढऱ्या पेशी काढते, जंतू काढते, बाण काढते. बाण नेहमी पेशीकडून जंतूकडे. तो बाण चुकून आपल्याच हाडाकडे वळू शकतो हे वाचलेलं होतं, पण ते संधिवाताच्या संदर्भात. ब्रशवरच्या गुलाबी फेसाशी मी ते कधी जोडलं नव्हतं.

त्या दिवशी एसटीत मला बाबांची काजूची बाग आठवली. मी सातवीत होते. शेजारच्यांनी तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेवर शेण, पातेरा, कवळ पसरून भाजावळ लावली होती, म्हणजे ती जमीन भाजायला आग लावली होती. दर वर्षी लावतात, त्याशिवाय तरवा धरत नाही, तणाचं बी मरतं, राख मिळते. त्या दुपारी वारा उठला आणि ठिणगी गडग्यापलीकडे गेली. बागेत वर्षभराचा पातेरा साठलेला. हिरव्या फांद्यांनी झोडून आग विझवेपर्यंत सत्तावीस झाडं गेली. आग वाईट हेतूनं कोणी लावली नव्हती. ती रोजच्या कामाची आग होती आणि तिला थांबायला जागा राहिली नव्हती. आपल्या भाषेत इन्फ्लमेशनला दाह म्हणतात, तो शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा अक्षरशः कळला.

डॉक्टरांनी पहिलं काम सांगितलं ते रक्त तपासायचं. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी. मी म्हटलं मला मधुमेह नाही. "कधी तपासलाय?" तपासलाच नव्हता. आकडा आला ८.९. सोमवारी मी शाळेत गेले, तास घेतले, आणि मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसून रडले. आईला मधुमेह होता, तिचं शेवट शेवटचं मला ठाऊक होतं.

हिरड्यांच्या डॉक्टरांनी माझा मधुमेह शोधला, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्यांनी दोन्हींचं नातं समजावलं. रक्तात साखर जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते, अशी साखर चिकटलेली प्रथिनं पांढऱ्या पेशींना भडकवतात, आणि झालेली जखम भरायला वेळ लागतो. उलट बाजूनं हिरड्यांतला दाह रक्तात उतरतो आणि इन्शुलिनचं काम अडवतो. हिरड्यांचा उपचार केल्यावर मधुमेह्यांची ही तीन महिन्यांची साखर सरासरी ०.४ नं कमी होते असं अनेक चाचण्या एकत्र करून दिसलंय. ऐकायला आकडा छोटा वाटतो, पण एखादी जादा गोळी सुरू करून मिळावा एवढा तो असतो. माझ्या कागदावर त्यांनी "तिसरा टप्पा, सी श्रेणी" असं लिहिलं. टप्पा म्हणजे किती नुकसान झालंय, श्रेणी म्हणजे पुढे किती वेगानं होईल. धूम्रपान आणि साखर या दोन गोष्टी श्रेणी वर ढकलतात. नवी प्रतवारी २०१७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून ठरवली, त्यात साखरेचा आकडा असा थेट आला.

आता घरची आघाडी. वहिनीनं गुळवेलीचा काढा आणला. शाळेतल्या मैत्रिणीनं च्यवनप्राश आणला. करोनापासून आपल्याकडे सगळ्या दुखण्यांना एकच सल्ला आहे, प्रतिकारशक्ती वाढवा. त्यांच्या मायेबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण माझ्या हिरडीत प्रतिकाराची कमतरता नव्हती, तो आवरत नव्हता. हे मी स्वयंपाकघरात उभं राहून वहिनीला समजावलं तेव्हा ती म्हणाली, मग शक्ती कमी करायचं औषध घे. तेही तितकंच चुकीचं. शक्ती सरसकट दाबली तर तोंडातले जंतू मोकाट सुटतात. हवं असतं ते एवढंच की काम झालं की आग विझावी.

फेब्रुवारीत साफसफाई सुरू झाली. जबड्याचे चार भाग, एका शनिवारी एक. भुलीचं इंजेक्शन देऊन हिरडीच्या आत, मुळावर बसलेलं किटण काढायचं. आधी पाण्याच्या फवाऱ्याबरोबर थरथरणारं यंत्र, मग हातातली आकडीसारखी हत्यारं. दुखत नाही, पण आवाज कवटीत ऐकू येतो. नारळ खवताना खवणी करवंटीला लागते तसा. आणि किटण निघून मूळ गुळगुळीत झालं की तो आवाज बदलतो, खरखर जाऊन नितळ होतो. तिसऱ्या शनिवारपर्यंत मला डोळे मिटून कळायला लागलं की आता हा दात झाला. एकदा डॉक्टरांनी कापसावर एक तुकडा ठेवून दाखवला. काळ्या वाटाण्याच्या सालीच्या कपच्याएवढा, काळाकुट्ट, दगडासारखा. हिरडीवरचं किटण पिवळट असतं, आतलं रक्ताच्या रंगानं काळं होतं. असे तुकडे माझ्या तोंडात किती वर्षं होते कोण जाणे. हलणाऱ्या पुढच्या दातांना त्यांनी मागच्या बाजूनं बारीक तार चिकटवून एकमेकांना बांधून टाकलं.

गावात सगळे सांगतात की दात साफ केले की ढिले होतात. मीही तेच ऐकत मोठी झाले. खरं असं होतं की किटण निघाल्यावर आणि सूज उतरल्यावर हिरडी खाली जाते, फटी दिसतात, जीभ लागली की रिकामं वाटतं. थंड पाणी झोंबतं. मला पहिले तीन आठवडे सोलकढीसुद्धा कोमट करून प्यावी लागली. पण जे गेलंय ते आधीच गेलेलं असतं, किटणानं नुसतं झाकलेलं असतं. हे मी लिहितेय कारण या एका समजापायी आमच्याकडच्या कितीतरी बायका दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

माझा मुलगा फार्मसी शिकतो. त्यानं रात्री जागून वाचायला सुरुवात केली आणि फोनवर मला सांगू लागला. त्याच्याकडून कळलं ते एका गोळीबद्दल. डॉक्सिसायक्लीन हे आपल्या ओळखीचं प्रतिजैविक, नेहमीची मात्रा १०० मिलिग्रॅम. हेच २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं तर त्यानं जंतू मरत नाहीत, तेवढी ताकदच नसते. पण पांढऱ्या पेशी हिरडीतले तंतू तोडणारं जे एन्झाइम सोडतात, कोलॅजिनेज, त्याला ते आवर घालतं. लॉर्न गोलब या अमेरिकन संशोधकानं १९८३ साली मधुमेह झालेल्या उंदरांवर हा शोध लावला. या घराण्यातलं औषध दिल्यावर ज्यांच्या अंगात एकही जंतू नव्हता अशा उंदरांच्या हिरडीतलंही कोलॅजिनेज कमी झालं. म्हणजे औषध जंतूंवर नाही, शरीराच्या उत्तरावर काम करत होतं. १९९८ साली अमेरिकेत ही कमी मात्रेची गोळी हिरड्यांच्या आजारासाठी मंजूर झाली.

मला ते वाचून फार आशा वाटली. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी घाई केली नाही. त्या म्हणाल्या, तज्ज्ञांचंच यावर एकमत नाही. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेनं २०१५ साली मुळांच्या सफाईबरोबर ही गोळी द्यायला अनुकूल मत दिलं, युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ती नेमानं देऊ नये म्हटलं, कारण मिळणारा फायदा थोडा आणि गोळ्या महिनोन् महिने. "किटण न काढता नुसती गोळी घेतली तर पैसे वाया. मी सगळ्यांना देत नाही. तुमची साखर आणि हाडाची अवस्था बघून तीन महिने देऊन बघू, मनासारखं नाही वाटलं तर थांबू." गरोदर बाईला ती चालत नाही, उन्हाचा त्रास होतो, दुधाबरोबर किंवा लोहाच्या-कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. मी मार्च ते मे घेतल्या. एप्रिलच्या उन्हात परीक्षेच्या कामाला जाताना चेहरा लाल व्हायचा, म्हणून छत्री आणि पदर. बाकी काही त्रास नाही. गोळीनं किती आणि बाकीच्यानं किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. एकाच अंगावर सगळं एकदम चाललं होतं.

मुलानं अजून एक गोष्ट पाठवली, ती मी वर्गात सांगितली तेव्हा नववीची मुलं अर्धा तास हलली नाहीत. एक दुर्मिळ जन्मजात आजार आहे, त्यात पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून हिरडीपर्यंत पोहोचूच शकत नाहीत. अशा मुलांचे दात लहान वयातच हलतात. सगळ्यांना वाटायचं, राखणदार नाही म्हणून जंतू माजतात. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या निकी मुत्सोपुलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका रुग्णाला सोरायसिससाठी वापरलं जाणारं उस्टेकिनुमॅब दिलं, जे दाहाचे निरोप अडवतं. २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. त्याच्या हिरड्यांची आग शमली. राखणदार पोहोचत नव्हते म्हणून "अजून पाठवा, अजून पाठवा" अशी हाक थांबत नव्हती, आणि ती हाकच हिरडी जाळत होती.

आणि तिसरं, जे मी डॉक्टरांकडे मागितलं आणि मिळालं नाही. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांची साखळी असते, तिच्या मध्यभागी सी-३ हे प्रथिन. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॉर्ज हजीशेंगालिस आणि जॉन लँब्रिस यांनी सी-३ ला अडवणाऱ्या औषधावर वर्षानुवर्षं काम केलं. माकडांमध्ये हाडाची झीज कमी झाली. मग एएमवाय-१०१ या नावानं ४० माणसांवर चाचणी झाली, हिरडीतच बारीक इंजेक्शन, आठवड्यातून एकदा, तीन आठवडे. २०२१ साली निकाल आला. हिरड्यांची सूज आणि रक्तस्राव कमी झाला आणि परिणाम तीन महिन्यांपर्यंत टिकला. ते सगळे हिरड्या सुजलेले लोक होते, माझ्यासारखं हाड गेलेल्यांत हाड वाचतं का हे त्या चाचणीनं दाखवलेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, हे अजून संशोधनात आहे, बाजारात नाही, आणि कोणी "प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन" म्हणून काही देत असेल तर तिथून उठून यायचं. त्यांचं पुढचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. "तुमच्या प्रतिकारशक्तीवरचं सगळ्यात मोठं औषध आज तुमच्या हातात आहे, आणि ते म्हणजे साखर खाली आणणं."

मी ते मनावर घेतलं. मधुमेहाची गोळी सुरू झाली. भात एका वाटीवर आला, आणि कोकणातल्या माणसाला भात कमी करणं म्हणजे काय ते कोकणातल्यालाच कळेल. शाळा सुटल्यावर समुद्रावर पाऊण तास चालणं. फणसाच्या दिवसांत फक्त दोन गरे. बांगडे आणि पेडवे मात्र सोडले नाहीत. माशांतल्या ओमेगा-३ पासून शरीर दाह शमवणारे रेणू तयार करतं यावरही काम चाललंय, काही छोट्या चाचण्यांत ते कमी मात्रेच्या ॲस्पिरिनबरोबर देऊन हिरड्यांना फायदा दिसला. ॲस्पिरिन आपल्या मनानं घ्यायची नाही हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं, मासे खायला हरकत नाही म्हणाल्या.

रात्रीचं काम ठरलेलं. जेवणं झाली, भांडी झाली की पडवीतल्या आरशासमोर उभी राहते, मोबाईलची टॉर्च आरशाच्या खिळ्याला अडकवते. दातांच्या फटीत घालायचे छोटे ब्रश असतात, बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू म्हणा. पुढच्या फटींना बारीक, दाढांच्या फटींना जाड. एकेका फटीत आत-बाहेर पाच वेळा. पहिल्या रात्री बेसिन लाल झालं आणि मी घाबरून थांबले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रक्त येतं म्हणून थांबायचं नाही, रक्त येतं तिथेच जास्त गरज असते. अकराव्या-बाराव्या रात्री फेस पांढरा आला. मी नवऱ्याला हाक मारून दाखवला. त्याच हॅराल्ड लो यांनी १९६५ साली डेन्मार्कमध्ये बारा जणांना दात घासणं बंद करायला लावलं होतं, दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासायला लागल्यावर आठवड्याभरात सूज उतरली. माझं हाड असं परत येणार नाही, पण हिरडी ऐकते.

जुलैच्या पहिल्या शनिवारी फेरतपासणी होती. फोंडा घाटात दरड आली, डॉक्टर पोहोचू शकल्या नाहीत. मी भर पावसात कुडाळपर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या शनिवारी त्या आल्या. पुन्हा ती सळई, पुन्हा ती मुलगी कागद घेऊन. "तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. तीन, तीन, चार." आकडे उतरले होते. पाच किंवा जास्त खोलीच्या जागा एक्केचाळीसवरून नऊ, रक्त येणाऱ्या ब्याण्णववरून चोवीस. तीन महिन्यांची साखर ६.९. माझ्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, त्या मुलीनं न बोलता कापूस दिला.

मग डावीकडची खालची दाढ आली. "पाच, सात, सहा." तिथे मुळांच्या दुबेळक्यात हत्यार पोहोचत नाही. हिरडी उघडून साफ करावं लागेल. दिवाळीच्या सुट्टीतला पहिला शनिवार ठरलाय, त्याआधी साखर सातच्या खाली राहिली पाहिजे ही अट.

गणपतीत ताई आली होती. मी तिला माझे दोन्ही कागद दाखवले, आधीचा आणि नंतरचा. तिला आकडे वाचता येतात, तिनं बोट ठेवून ठेवून वाचले. मी तिला म्हटलं की तुझे दात वाचले म्हणून तुझं तोंड वाचलं असं होत नाही, मशेरीनं गालाच्या आत काय केलंय ते कोणी बघितलेलं नाही. ती बराच वेळ गप्प बसली. आमची आई मधुमेहानं गेली, पण काकी तोंडाच्या कॅन्सरनं गेली, तिचाही असाच एक डबा होता.

"दिवाळीत तू जाशीत तेवा माका पण ने," ती म्हणाली. कनवटीचा डबा काढून तिनं पडवीच्या फळीवर ठेवला आणि जाताना तो तिथेच राहिला. विसरली की ठेवून गेली ते मी विचारलं नाही. डॉक्टरांकडे तिचं नाव मात्र माझ्या नावाखाली लिहून दिलंय.